पक्षी बघायची दुर्बीण आणि तिचं फोकसचं चाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या मंडळींना पक्षी दाखवायला मी रविवारी सकाळी टेकडीवर जाते. दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पटीची घेऊ?" फोकसबद्दल कुणी विचारत नाही. मग पांगाऱ्यावर शिंजीर येऊन बसतो, सगळे "दिसला, दिसला" म्हणतात आणि एकदोघं चाक फिरवत राहतात, तोवर तो उडालेला असतो. त्यांची नजर चांगली असते, भिंगंही बरी असतात. घोळ चाकात असतो. गेल्या काही वर्षांत टेकडीवर, फोनवर आणि सहलीच्या बसमध्ये मला या चाकाबद्दल जे प्रश्न आले, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत.

फोकसच्या यंत्रणा मुळात किती प्रकारच्या असतात?

बाजारात चार प्रकार भेटतात. पहिला मधल्या चाकाचा: एकच चाक फिरवलं की दोन्ही डोळ्यांचा फोकस एकदम हलतो. दुसऱ्यात मधलं चाकच नसतं, दोन्ही आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायचे भाग, वेगवेगळे फिरवावे लागतात. तिसऱ्यात चाकाऐवजी बोटाने दाबायची पट्टी असते. आणि चौथ्यात फोकस करायची सोयच नसते. दुकानात तो 'फोकस फ्री' किंवा 'ऑटोफोकस' या नावाने मिळतो. पक्षी बघायचे असतील तर मधल्या चाकाचीच घ्या. बाकीच्या तिघांची जागा कुठे आहे ते पुढे येईलच.

पोरो आणि रूफ, दोन्हींना मधलं चाक असतं. मग फरक काय?

पोरो आणि रूफ हे दुर्बिणीचे दोन घाट, आतले लोलक वेगवेगळ्या रीतीने बसवलेले. चाक बाहेरून सारखंच दिसतं, पण ते फिरवल्यावर आत वेगळंच काही घडतं.

पोरो दुर्बीण लांबूनही ओळखता येते. पुढची भिंगं एकमेकांपासून दूर, डोळ्यांकडची जवळ, आणि मधे खांद्यासारखी पायरी. इग्नाझियो पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली या लोलकरचनेचं पेटंट घेतलं आणि १८९४ पासून जर्मनीच्या झाइसने तशा दुर्बिणी विकायला काढल्या. बहुतेक पोरोंमध्ये चाक फिरवलं की मधल्या दांड्यावरचा आडवा पूल सरकतो आणि त्याच्या दोन टोकांना बसवलेले आयपीस आत-बाहेर होतात. हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

रूफ म्हणजे दोन सरळ नळ्या. हिचं चाक फिरवलं तर बाहेर काहीच हलत नाही. पुढचं भिंग आणि लोलक यांच्या मधे एक छोटं भिंग असतं, ते आतल्या आत मागेपुढे सरकतं.

एवढ्याशा फरकातून बरंच काही निघतं. पोरोचे आयपीस बाहेर सरकले की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आत गेले की ती बाहेर ढकलली जाते. सायकलच्या पंपासारखंच. त्या हवेबरोबर धूळ येते, आषाढात ओल येते. रूफचं सगळं काम बंद पेटीत चालत असल्याने तिला सील करणं आणि आत नायट्रोजन भरणं सोपं जातं. सील केलेल्या पोरोही आहेत. स्वारोव्हस्कीची हाबिख्त ही जुनी पोरो पाणी आत घेत नाही, पण सरकत्या आयपीसभोवती घट्ट सील असल्यामुळे तिचं चाक जड फिरतं. पाणी अडवायचं तर बोटाला जोर लावावा लागतो, असा तो सौदा आहे.

म्हणजे पोरो घेऊच नये?

असं मी कधीच म्हणणार नाही. दहा हजारांच्या आतबाहेर पैसे असतील तर त्या किमतीच्या रूफपेक्षा पोरोतलं चित्र बहुतेकदा उजवं असतं. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्यामुळे झाडाच्या फांद्या पुढेमागे सुट्या दिसतात, ते सुख वेगळंच. मात्र पूल तपासून घ्या.

माझी पहिली दुर्बीण स्वस्तातली पोरोच होती. भिगवणला होडीत बसून पट्टकादंबांचा थवा बघत होते. डावा डोळा लख्ख, उजवा धुरकट. डायॉप्टर (एकाच डोळ्याचा फोकस हलवणारं कडं) फिरवला की नीट व्हायचं, दुर्बीण खाली घेऊन पुन्हा लावली की पुन्हा धुरकट. त्या सकाळी मला वाटलं, डोळ्याचंच काही झालंय. घरी येऊन दुर्बीण टेबलावर ठेवली आणि उजव्या आयपीसवर अंगठा टेकवला, तर तो तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा आत गेला आणि डावा तेवढाच वर आला. पूल डुगडुगत होता. भुवईचं हाड ज्या बाजूला जरा जास्त टेकेल, त्या बाजूचा फोकस बिघडायचा. आयपीस एक मिलिमीटर हलला तरी डोळ्याला दोन-अडीच नंबरांचा फरक पडतो, हे मला पुढे कळलं.

तेव्हापासून कुठलीही पोरो हातात आली की मी आधी दोन्ही आयपीसवर आळीपाळीने अंगठा दाबते. चांगल्या पोरोत पूल हलत नाही. निकॉनच्या ८×३० ई-टू (म्हणजे पट आठ, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं) सारख्या पोरो आजही जाणकार जिवापाड जपतात.

चाक किती फेऱ्यांचं असावं? पटकन फिरणारं चांगलं की सावकाश?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं गणित मांडते. घाबरू नका, पाढ्यांपुरतंच आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्म्याचा 'नंबर' निघतो. दुर्बिणीचं चाकही दर वेळी डोळ्याला असाच नंबर लावून देत असतं. किती? ढोबळ हिशेब असा: दुर्बिणीच्या पटीचा वर्ग करा आणि पक्षी जितक्या मीटरवर असेल त्याने भागा. आठ पटीच्या दुर्बिणीसाठी वर्ग ६४. पक्षी ३ मीटरवर असेल तर २१ नंबर. ६ मीटरवर साडेदहा. १२ मीटरवर सव्वापाच. २४ मीटरवर पावणेतीनच्या आसपास. त्यापुढे थेट आभाळापर्यंत उरलेलं सगळं त्या पावणेतीनात मावतं.

आता हे चाकाच्या भाषेत बघा. तीन मीटरपासून आभाळापर्यंत चाकाची जेवढी फिरत आहे, तिची अर्धी फिरत ३ ते ६ मीटरमध्येच संपते. समोरच्या वडापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत जायला उरतो जेमतेम आठवा हिस्सा. म्हणून घारीवरून शिक्र्याकडे वळताना चाकाला नुसतं बोट लावलं तरी पुरतं, आणि झुडपात उड्या मारणाऱ्या वटवट्याच्या मागे मात्र चाक गरागरा फिरवावं लागतं.

याच गणितातून फेऱ्यांचं उत्तर निघतं. सगळी फिरत पाऊण फेरीत बसवली तर जवळचं पटकन साधतं, पण दूरच्या पक्ष्यावर नेमकं थांबता येत नाही. बोट जरासं सरकलं की पक्षी धूसर. दोन-अडीच फेऱ्यांचं चाक दूरवर अगदी बारीक जुळवता येतं, पण पायवाटेवर दयाळ एकदम चार मीटरवर उतरला की बोट उचलून पुन्हा टेकवत बसावं लागतं. माझ्या अनुभवात साधारण एक ते दीड फेरी सोयीची. पाणथळीवरच जाणार असाल, नांदूर मध्यमेश्वर किंवा ठाण्याची खाडी, तर सावकाश चाकानेही काही बिघडत नाही. जंगलात, बागेत, टेकडीच्या झुडपांत फिरणार असाल तर जलद बाजूला झुका.

आणि एक. माहितीपत्रकात 'जवळचा फोकस १.५ मीटर' असं अभिमानाने लिहिलेलं दिसलं की हे गणित आठवा. ६४ भागिले दीड म्हणजे जवळजवळ ४३ नंबर. तीन मीटरवर थांबणाऱ्या दुर्बिणीच्या दुप्पट. तेवढी जास्तीची फिरत कुठेतरी बसवावी लागते: एकतर चाकाच्या फेऱ्या वाढतात, नाहीतर चाक जास्त हळवं होतं.

आठ पट की दहा पट? याचा फोकसशी काय संबंध?

वरचाच वर्ग लावा. दहाचा वर्ग १००, आठचा ६४. म्हणजे त्याच अंतरासाठी दहा पटीच्या दुर्बिणीला दीडपटीहून जास्त फोकस करावा लागतो, आणि एकदा जमलेला फोकस तेवढाच लवकर सुटतो. पानांत हलणारा चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा आठ पटीत चाक न हलवताही बराच वेळ स्पष्ट राहतो, दहा पटीत सतत बोट चालवावं लागतं. वर हात थरथरला की तोही दहा पट मोठा दिसतो. नवीन माणसाला मी आठच सांगते. सात मिळाली तर फोकसच्या दृष्टीने आणखी बरं.

८×३२ घेतली तर ८×४२ पेक्षा फोकसला सोपी जाते का?

नाही. झोत बारीक असला की फोकस कमी सुटतो हे खरं, पण पट सारखी असेल तर दिवसा फरक पडत नाही, कारण भर उजेडात आपली बाहुलीच इतकी आकसलेली असते की मोठ्या भिंगातून आलेला जादा झोत डोळ्यात शिरतच नाही.

जवळचा फोकस किती असला म्हणजे पुरे?

नुसते पक्षी बघायचे तर तीन मीटर पुष्कळ झाले. त्यापेक्षा जवळ आलेला पक्षी नुसत्या डोळ्यांनी बघण्यातच मजा आहे. पण बहुतेक पक्षीवाले दोन वर्षांत फुलपाखरांकडे वळतात, मग चतुरांकडे. तो ओढा आधीच असेल तर दोन मीटर किंवा कमी बघा. स्वस्तातल्या पोरोंचं इथे अडतं: ऑलिंपसची ८×४० डीपीएस चार मीटरवर थांबते, निकॉनची ८×४२ अॅक्युलॉन पाचवर. कर्नाळ्याच्या वाटेवर चार पावलांवर तिबोटी खंड्या बसला तर पाच मीटरवाल्याला मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकताना पाचोळा वाजतो. निकॉनच्या मोनार्क एम-सेव्हनमध्ये ८×४२ दोन मीटरपर्यंत येते.

फक्त कीटकांसाठी पेंटॅक्सची पॅपिलिओ ही छोटी दुर्बीण आहे, ती अर्ध्या मीटरपर्यंत फोकस करते. तिची खुबी चाकातच आहे. जवळ येताना तिची पुढची भिंगं चाकासोबत एकमेकांकडे सरकतात, आपले डोळे नाकाच्या शेंड्याकडे बघताना वळतात तशी. पानावरच्या निळ्या फुलपाखराचे स्पर्शक त्यातून एकदा बघा. पक्ष्यांसाठी मात्र तिची पुढची भिंगं फार लहान, संध्याकाळी अंधारून येतं.

जवळचा पक्षी बघताना दोन गोल एकमेकांवर बसत नाहीत, दोन चित्रं दिसतात. दुर्बीण बिघडली आहे का?

दूरचं नीट दिसत असेल तर बिघडलेली नाही. दुर्बिणीच्या दोन नळ्या समांतर बघतात. दोन मीटरवरची वस्तू डाव्या नळीला उजवीकडे आणि उजवीला डावीकडे दिसते, आणि मेंदूला ती जुळवताना ताण पडतो. बिजागर थोडं मिटून नळ्या जवळ आणा, जरा सुधारतं. नाहीतर सरळ एक डोळा मिटा. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्याने साध्या पोरोत हा त्रास जास्त होतो.

दूरचंही दुहेरी दिसत असेल तर मात्र नळ्यांची सरळ रेष गेली आहे. ते घरी ठोकाठोकी करून जमत नाही.

दुकानदार म्हणतात 'फोकस फ्री' घ्या, चाक फिरवायची कटकटच नाही. खरं आहे का?

कटकट नाही, कारण फोकसच नाही. ही दुर्बीण कारखान्यातच दूरवर जुळवून कायमची बंद केलेली असते. जवळचं दिसावं म्हणून जे काम चाकाने करायचं, ते ती तुमच्या डोळ्यातल्या भिंगावर टाकते.

वरचं गणित पुन्हा लावू. लहान मुलाच्या डोळ्याला सहज दहा नंबरांइतकं जुळवून घेता येतं. त्याला आठ पटीच्या अशा दुर्बिणीतून साधारण साडेसहा मीटरपासून पुढचं दिसेल. पन्नाशीतल्या माणसाकडे दोन नंबर उरलेले असतात, त्याला बत्तीस मीटरच्या अलीकडे सगळं धूसर. साठीतल्याकडे एक, त्याला चौसष्ट मीटर. चाळिशी लागते म्हणजे डोळ्याचं हेच बळ कमी होत जातं.

सिंहगडाच्या दरीत एका थंडीत आमच्याबरोबर एक काका होते. निवृत्त झाल्यावर मुलाने मोठ्या हौसेने दुर्बीण पाठवली होती, छान कातडी पिशवीत. ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला. दहा-बारा मीटरवर, उन्हात, ती लांब शेपटी हलवत. काका दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाले, "पांढरं काहीतरी हलतंय बघा." मी चाक शोधायला त्यांची दुर्बीण हातात घेतली आणि तिला चाकच नव्हतं. माझी त्यांच्या हातात दिली, चाकावर त्यांचं बोट ठेवून दिलं. नर्तक तोवर फांदीआड गेला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा काकांनी त्याचा निळसर काळा डोक्याचा तुरा, डोळ्याभोवतीचं निळं कडं, सगळं सांगितलं. दुर्बिणीसाठी पैसे मोजलेल्या माणसाला दहा मीटरवरचा पक्षी दिसू नये, याचं मला अजून वाईट वाटतं. स्टेडियममध्ये क्रिकेट बघायला ही दुर्बीण चालते. पक्ष्यांसाठी कुणी भेट देणार असेल तर आधीच थांबवा.

मग खऱ्या अर्थाने आपोआप फोकस होणारी दुर्बीण नसतेच का?

झाल्या आहेत. मिनोल्टाने एकेकाळी बॅटरी आणि मोटर असलेल्या छोट्या ऑटोफोकस दुर्बिणी काढल्या होत्या. पक्ष्यांच्या बाबतीत अडचण सरळ आहे: पक्षी पानांमागे असतो आणि यंत्राला पान आणि पक्षी यातला कोण हवा ते कळत नाही. २०२४ मध्ये स्वारोव्हस्कीने एएक्स व्हिजिओ ही पक्षी ओळखून त्याचं नाव सांगणारी दुर्बीण आणली, आत कॅमेरा आणि संगणक. तिच्यातही फोकसचं चाक बोटानेच फिरवायचं आहे.

नौदलासारखी ७×५० मिळते आहे, दोन्ही आयपीस वेगळे फिरतात. घेऊ?

समुद्रावर जाणार असाल तर जरूर. दोन्ही डोळे एकदा जुळवले की पंचवीस-तीस मीटरपासून क्षितिजापर्यंत पुन्हा हात लावायला नको, आणि मधे सरकणारा पूल नसल्याने पाणी आत शिरायला वाट कमी. किनाऱ्यावरून कुरव आणि सुरय बघायला, रात्री तारे बघायलाही झकास. पण झाडीत प्रत्येक पक्ष्यासाठी दोनदा फिरवायचं हे होण्यासारखं नाही.

आणि पट्टीवाली?

पट्टी एका टोकाला दाबली की फोकस जवळ, दुसऱ्या टोकाला दाबली की दूर. वेग भरपूर, नेमकेपणा कमी. हव्या जागेच्या पुढे जाते, मागे आणली की मागे जाते. मी दोनतीन वापरून पाहिल्या, एकही ठेवली नाही.

डायॉप्टर म्हणजे काय आणि तो एकदाच लावायचा का?

आपल्या दोन डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो. मधलं चाक दोन्ही डोळ्यांना एकदम हलवतं, म्हणून त्यांच्यातला फरक एकदा वेगळा भरून द्यावा लागतो. तो देणारं कडं म्हणजे डायॉप्टर. बहुतेक दुर्बिणींत ते उजव्या आयपीसवर असतं, काही महागड्यांत मधल्या चाकातच बसवलेलं असतं.

लावायचं असं. तीसेक मीटरवरची दुकानाची पाटी निवडा, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात म्हणून. उजव्या पुढच्या भिंगावर हात ठेवा, दोन्ही डोळे उघडेच असू द्या, आणि चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता चाकाला अजिबात हात लावू नका. हात डाव्या भिंगावर न्या आणि डायॉप्टरचं कडं फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्वच्छ करा. एक डोळा मिचकावून हे करू नका, मिचकावल्यावर दुसऱ्यावर ताण येतो आणि माप चुकतं.

जमलं की खूण करा. मी कड्यावर आणि नळीवर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला आहे. कुणी दुर्बीण मागून घेतली, पिशवीत घासून कडं सरकलं, तरी ठिपके जुळवले की झालं. कडं सैल असेल तर बारीक रबरबँड चढवा. माझ्याकडे 'दुर्बिणीने डोकं दुखतं' म्हणून येणाऱ्या बहुतेकांचा डायॉप्टर सरकलेला निघतो.

चष्मा घालून बघू की काढून?

घालून. आयपीसचे रबरी कप खाली वळवा किंवा पिळून आत घ्या. चष्मा काढला तर चाक तुमचा साधा नंबर भरून काढतं, पण तिरपा नंबर म्हणजे सिलिंडर असेल तर तो चाकाने जात नाही. शिवाय उणे सहा-सातच्या माणसाने चष्मा काढला तर काही दुर्बिणींचं चाक शेवटाला टेकतं तरी दूरची घार स्पष्ट होत नाही. इन्फिनिटीच्या, म्हणजे अगदी दूरच्या फोकसच्या, पलीकडे तेवढी जागाच ठेवलेली नसते. विकत घेण्याआधी लांबची पाण्याची टाकी बघून खात्री करा.

दुकानात चाक कसं तपासू?

दाराबाहेर या. काचेतून बघून काही कळत नाही.

आधी डायॉप्टर लावा. मग रस्त्यापलीकडच्या पाटीवर चाक हळूहळू एकाच दिशेने फिरवत आणा आणि अक्षरं स्वच्छ झाली की थांबा. आता उलट फिरवायला सुरुवात करा. बोट हललं पण चित्र हललं नाही, असा मेलेला तुकडा लागतो का? तो 'प्ले'. अगदी किंचित चालेल. जाणवण्याइतका असेल तर ती ठेवून द्या, कारण पक्ष्यावर नेमका फोकस आपण कायम पुढेमागे करूनच लावतो.

दुसरी गोष्ट फारसं कुणी तपासत नाही. दूरच्या पाटीवर दोन्ही डोळ्यांना स्वच्छ करा, मग फक्त मधल्या चाकाने पाच मीटरवरच्या वस्तूवर या आणि एकेक भिंग झाकून बघा. दोन्ही डोळ्यांना सारखंच स्वच्छ आहे ना? एक मागे राहत असेल तर आतली दोन भिंगं एकसाथ सरकत नाहीत. डायॉप्टरने हे सुटत नाही, प्रत्येक अंतराला वेगळा लावावा लागेल.

मग चाक पूर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधेच जड, मधेच हलकं, खरखर, काही नको. लोण्यासारखं एकसारखं फिरलं पाहिजे. आणि दोन्ही हातांनी नेहमीसारखी धरल्यावर तर्जनी चाकावर आपसूक पडते का ते बघा. बोट ताणावं लागत असेल तर तासाभराने मनगट बोलायला लागेल.

पावसाळ्यात काय काळजी घेऊ?

आंबोलीला किंवा कोकणात जुलैत फिरणार असाल तर सील केलेली, नायट्रोजन भरलेली रूफ घ्या, हे माझं ठाम मत आहे. साधी पोरो असेल तर भर पावसात चाक कमीत कमी फिरवा: वीसेक मीटरवर लावून ठेवा आणि तेवढ्यातच बघा. घरी आल्यावर पूल पूर्ण आत घ्या, दुर्बीण पुसून पंख्याखाली वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. कातडी पिशवीत ओली दुर्बीण कोंडली की भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात.

लडाखला चाललो आहोत. थंडीत चाक जड होतं का?

होऊ शकतं. चाकातलं ग्रीस गारठलं की घट्ट होतं. काळ्या मानेचे क्रौंच बघायला पहाटे निघाल तेव्हा दुर्बीण जाकिटाच्या आत गळ्यात ठेवा. चाक रुंद आणि खाचांचं असेल तर हातमोजे न काढता फिरवता येतं. उलट आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली दुर्बीण ठेवू नका, तापून ग्रीस पातळ होतं आणि पसरतं.

आम्ही दोघं दोन कंपन्यांच्या दुर्बिणी वापरतो आणि अदलाबदल केली की काहीच जमत नाही. का?

काही दुर्बिणींत चाक उजवीकडे फिरवलं की दूर जातं, काहींत जवळ येतं. बोटाला एक दिशा मुरलेली असते, दुसरी हातात आली की पहिले काही सेकंद उलटे जातात. आणि उडणारा पक्षी तेवढेच सेकंद देतो. घरात दुसरी दुर्बीण घेताना पहिलीच्याच दिशेने फिरणारी घ्या.

चाक चांगलं आहे तरी पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. काय करू?

चालताना चाक रिकामं ठेवू नका. थांबलात की समोरच्या झाडीचं अंतर बघून आधीच फोकस लावून ठेवा. पायवाटेवर दहा मीटर, मोकळ्या माळावर चाळीस. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. मान खाली घालून दुर्बिणीकडे बघितलंत की तो हरवला. धूसर दिसला तर चाक स्वच्छ जागेच्या किंचित पुढे जाऊ द्या आणि मागे आणा, बोटाला कड कळते. आभाळातला ससाणा सापडत नसेल तर आधी दूरच्या डोंगराच्या कडेवर फोकस लावा, मग वर बघा. निळ्या आभाळात धूसर दुर्बिणीला पक्षी दिसतच नाही, समोरून गेला तरी.

घरच्या गच्चीवर कावळ्यांवर सराव करा. पाच मीटरवरच्या कठड्यावरून दूरच्या टॉवरवर, पुन्हा कठड्यावर. आठवडाभरात बोट शिकतं.

मुलीसाठी कोणती घ्यावी?

हलकी, सहा किंवा आठ पटीची, आणि जिचं बिजागर तिच्या डोळ्यांइतकं मिटतं ती. चाक तिच्या बोटाला हलकं लागलं पाहिजे. मोठ्यांना सुखाचं वाटणारं घट्ट चाक मुलं दोन्ही हातांनी फिरवतात. पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरच्या फेऱ्यांना मुलीला घेऊन जा आणि तिथे इतरांच्या दुर्बिणी मागून बघा. मंडळी आनंदाने देतात.

स्पॉटिंग स्कोपचं चाक कसं बघायचं?

स्कोप म्हणजे तिपाईवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. तिथे पट वीस ते साठ असते, म्हणजे वर्ग चारशेपासून छत्तीसशेपर्यंत जातो. केसभर हललं तरी फोकस गेला. म्हणून कोवासारख्या कंपन्या दोन चाकं देतात, एक भरभर फिरणारं आणि एक बारीक जुळवणीचं. स्वारोव्हस्कीच्या स्कोपला नळीभोवतीच जाडजूड कडं असतं. चिखलातल्या तुतवारांचे पाय मोजायला मला दोन चाकांचा बरा वाटतो, पण ही सवयीची गोष्ट आहे.

आजोबांची जुनी दुर्बीण सापडली, चाक जाम आहे. तेल सोडू का?

नका सोडू. शिलाई मशीनचं तेल आतल्या भिंगावर पसरतं आणि मग चाक फिरतं पण दिसत काही नाही. जोरही लावू नका, मधला दांडा वाकतो. आतलं जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं, ते उघडून साफ करून नवं भरावं लागतं. जुने कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर शहरातल्या जुन्या बाजारपेठेत अजून आहेत, त्यांना दाखवा. खोलण्याआधी नळ्यांची सरळ रेष परत जुळवून देणार का, हे विचारून घ्या.